अनुमोदक

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुलुंड पूर्वेला जातो,
पिशवीत पावतीपुस्तक, शाईचं पॅड, संस्थेचा शिक्का.
स्नेहवर्धिनी. तळाला एक खोली,
वर तीन मजले, मजल्याला तीन बिऱ्हाडं.
पूर्वी दहा पावत्या फाडायला दोन तास लागत,
कारण प्रत्येक दारात तक्रार आणि निम्म्या दारांत चहा.
आता दहा मिनिटं.
दहाही पावत्यांवर एकच नाव:
मोरेश्वर तळवडेकर.

नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगचं दुकान, एकटा जीव,
सहा नंबर, दुसऱ्या मजल्यावरची मधली जागा.
सुरुवात झाली ती डोक्यावरच्या नऊ नंबरपासून.
घैसासांची मोरी गळायची.
सात वर्षं पत्रं लिहिली, प्रत चिटणिसांना.
आठव्या वर्षी त्यांनी मोरीच विकत घेतली,
घरासकट.
मग खालचे छेडा म्हणाले, आता तुमची आमच्यावर गळते.
तेही घेतलं.
पाचमध्ये वेंकटरमणींचा मुलगा पहाटे मृदंग बडवायचा.
सातमध्ये फोडणीला हिंग जास्त.
असं आपलं मी म्हणतो. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही. हिशेबनिसाने रक्कम विचारावी.

एकदा घरी येऊन पावतीच्या पाठीवर मी जागांच्या चौकटी आखल्या,
त्यांच्या तेवढ्या पेन्सिलीने भरल्या.
बेरजेचं चिन्ह.
फुल्ली-गोळ्यात इतकं जमलं की डाव संपतो.
यांचे चार कोपरे राहिले होते,
आणि तळाची खोली.

कोपऱ्यांना अकरा वर्षं लागली.
दर वेळी हस्तांतर शुल्क, नवा भागदाखला,
टपालपेटीवरची एक पाटी स्क्रू काढून खाली.
कुणाला फसवलं नाही, कुणाचं पाणी तोडलं नाही.
भाव बाजाराचा, चेक वेळेवर.
कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी न्यू जर्सीला,
लोखंडे त्याहून लांब.

उरल्या तळाच्या साटम सिस्टर,
पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त.
तीन वर्षं नाही म्हणाल्या.
मग एका रविवारी मलाच:
"जिन्यात पाऊल वाजत नाही हो कुणाचं.
मी कडी लावू तरी कुणासाठी?"

सप्टेंबरात वार्षिक सभा.
चौदा दिवस आधीची नोटीस त्यांनीच काढली, त्यांनीच लावली,
आणि रोज जाता-येता थांबून वाचली.
गच्चीवर दहा घडीच्या खुर्च्या, पाठीवर रंगाने आकडे.
हजेरीपटावर सही एक.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलो.
टाकीत पाणी पडत होतं.
ते म्हणाले, "या अर्ध्या तासात घैसास राजकारण काढायचे."

मग तीच सभा, त्याच जागी.
मागील इतिवृत्त. हिशेबपत्रक. आयत्या वेळचे विषय.
तळवडेकर उठले,
पाचच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले,
पाणी सातलाच का बंद होतं?
दोनच्या मागून: गच्चीत पापड वाळत घालायचे नाहीत हा ठराव कधी झाला?
एकच्या खुर्चीशी जरा वाकून, हळू,
रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर बेल मारा, संकोच नको.
नऊच्या मागे बराच वेळ गप्प.
मग: गळती काढली आहे.
तळवडेकरांनी उगाच पत्रं लिहू नयेत.

मी सगळं लिहून घेतलं.
सूचक म्हणून त्यांचं नाव.
अनुमोदक या शब्दापुढे टिंबं.
त्यांनी वही वळवून पाहिली, मग माझ्याकडे.
मी सभासद नाही. तिथे माझी सही चालत नाही.

शिक्का मारला. खुर्च्या मिटायला लागलो.
नऊची तेवढी,
म्हणाले,
राहू दे.